क्रूझवर स्वतःची वाईन: बेळगावकरांनी बाटली कुठे घ्यावी आणि कशी न्यावी

क्रूझचं बुकिंग झालं की बेळगाव, खानापूर, निपाणीकडे एक प्रश्न हमखास निघतो: "गोव्यातनं दोन बाटल्या आणून ठेवू काय?" नको. जहाजावर वाईन नेण्याचा नियम अर्ध्या पानाचा आहे आणि तो पाळायला सोपा आहे. अडचण जहाजापर्यंतच्या रस्त्यात आहे. आपल्या भागाला तीन राज्यांच्या सीमा भिडतात. कर्नाटकात अबकारी खातं आहे, महाराष्ट्रात राज्य उत्पादन शुल्क विभाग आहे, गोव्याचं खातं आणखी वेगळं. एका राज्याचा कर भरलेली बाटली दुसऱ्या राज्यात तशीच चालत नाही. म्हणून बाटली जितकी उशिरा आणि जहाजाच्या जितकी जवळ घ्याल तितके वाटेतले नाके कमी.

आधी जहाज कोणतं ते पाहा

मुंबईहून गोवा, कोची, लक्षद्वीपकडे जाणाऱ्या कॉर्डेलियाच्या जहाजावर बाहेरची दारू नेता येत नाही, वाईनही नाही. एमएससी आणि कोस्टा या युरोपियन कंपन्यांचंही तेच धोरण आहे. तुमचं तिकीट यांपैकी कुणाचं असेल तर बाटलीचा विचार सोडा आणि सरळ जहाजावरच घ्या. 'बॅगेत तळाशी ठेवली तर कुणाला कळतंय' हा हिशेब चालत नाही. प्रत्येक बॅग क्ष-किरण यंत्रातून जाते आणि त्यात बाटलीचा आकार लपत नाही.

वाईनला परवानगी देणाऱ्या कंपन्यांचे नियम सारखे नाहीत. रॉयल कॅरिबियनवर पिण्याच्या वयाच्या प्रत्येक प्रवाशाला चढण्याच्या दिवशी ७५० मिलीची एक सीलबंद बाटली नेता येते. आशिया आणि युरोपातून सुटणाऱ्या त्यांच्या जहाजांवर हे वय १८ आहे, अमेरिकेतून सुटणाऱ्यांवर २१. कार्निव्हलवरही माणशी एकच बाटली, पण वय २१. डिस्नेच्या जहाजावर २१ वर्षांवरील प्रत्येकाला दोन बाटल्या चालतात आणि वाटेतल्या प्रत्येक बंदरावर पुन्हा तेवढ्याच आणता येतात. नॉर्वेजियनवर बाटल्यांच्या संख्येला मर्यादा नाही, पण ७५० मिलीच्या प्रत्येक बाटलीमागे १५ डॉलर आणि दीड लिटरच्या बाटलीमागे ३० डॉलर कॉर्केज, म्हणजे बाहेरची बाटली आणण्या-उघडण्याचं शुल्क, चढतानाच घेतात, मग ती तुम्ही केबिनमध्ये प्या नाहीतर डायनिंग हॉलमध्ये.

हे नियम दर एक-दोन वर्षांनी थोडे बदलतात. कंपनीच्या संकेतस्थळावर अल्कोहोल पॉलिसी शोधा, तुमच्या सफरीच्या बंदराला लागू असलेला मजकूर वाचा आणि त्याचा स्क्रीनशॉट मोबाइलमध्ये ठेवा. ट्रॅव्हल एजंट तोंडी जे सांगतो ते बहुतेक वेळा मागच्या वर्षीचं असतं.

'वाईन' म्हणजे काय, याबद्दल आपल्याकडे दोन गैरसमज आहेत. पहिला गोव्याच्या पोर्टचा. गोड, लाल, स्वस्त पोर्ट आपल्याकडे सर्रास वाईन म्हणूनच दिली-घेतली जाते. पण पोर्ट ही मूळची स्पिरिट घालून तीव्र केलेली वाईन, आणि काही कंपन्या अशी तीव्र वाईन नाकारतात. लेबलवरचा अल्कोहोलचा टक्का बघा. १२ ते १४.५ असेल तर कुणी बोट ठेवणार नाही. दुसरा गैरसमज घरगुती वाईनचा. नाताळात अनेक घरी द्राक्षांची वाईन बनते, कुठे जांभळाची किंवा करवंदाचीही. ती चवीला कितीही चांगली असो, लेबल आणि कारखान्याचं सील नसलेली बाटली जहाजावरही जात नाही आणि विमानातही अडवली जाते. खोक्यातली वाईन नाही. फेणी तर नाहीच.

परवडतं का

ड्रिंक्स पॅकेज घेतलं असेल तर बाटली नेण्यात काही राम नाही. नसेल तर हिशेब करून पाहा. एका बाटलीत १५० मिलीचे पाच ग्लास होतात. जहाजावर ग्लास १२ डॉलरला धरला आणि वर १८ टक्के सेवाशुल्क लावलं तर पाच ग्लासांचे सुमारे ७१ डॉलर होतात. जहाजावरच ४० डॉलरची अख्खी बाटली घेतली तर शुल्कासह ४७. आपली बाटली १,५०० रुपयांची असेल, म्हणजे डॉलर ८५ ते ९० रुपये धरून साधारण १७ डॉलर, आणि ती केबिनमध्ये फुकट उघडता येत असेल तर फरक मोठा आहे. तीच डायनिंग हॉलमध्ये १५ डॉलर कॉर्केज देऊन उघडली तर ३२ डॉलर. तरीही वाचतात.

पण सातशे-आठशे रुपयांच्या बाटलीवर १५ डॉलर कॉर्केज भरणं म्हणजे नारळापेक्षा त्याच्या गाडीभाड्याला जास्त पैसे. कॉर्केज द्यायचंच असेल तर चांगली बाटली न्या, कारण शुल्क बाटलीच्या किमतीवर नसून नगावर आहे. साधी असेल तर ती केबिनच्या बाल्कनीत संपवा.

बाटली बेळगावात का घेऊ नये

गोव्याहून चोर्ला घाटातून येताना कणकुंबीचा नाका आहे आणि अनमोड घाटावरही तपासणी होते. गोव्याच्या बाटलीवर ती फक्त गोव्यात विक्रीसाठी असल्याचं छापलेलं असतं. ती कर्नाटकात आणली की कर्नाटकचा कर न भरलेली दारू ठरते. दोनच बाटल्या आहेत, पाहुण्यांसाठी आहेत, हे कारण नाक्यावर चालेलच याची खात्री नाही. चोर्ला टाळून सावंतवाडी-आंबोली-चंदगड मार्गे आलात तरी सुटका नाही. तिकडून महाराष्ट्र ओलांडावा लागतो आणि शिनोळीला पुन्हा कर्नाटक लागतं, म्हणजे एकाऐवजी दोन राज्यांचे कायदे.

बेळगावात घेऊन मुंबईला न्यायची म्हटलं तर उलटा घोटाळा. निपाणी-कोगनोळी ओलांडून कागलमध्ये शिरलात की महाराष्ट्र दारूबंदी कायदा लागू होतो. १९४९ चा हा कायदा वाईनलाही लागू आहे. त्याप्रमाणे दारू बाळगायला, न्यायला आणि प्यायला परवाना लागतो, आणि कर्नाटकच्या अबकारी लेबलची बाटली तिथे परराज्याचीच ठरते. रेल्वेने मिरजेमार्गे गेलात तरी कायदा तोच, नाका दिसत नाही एवढंच.

शिवाय बेळगावातल्या बहुतेक 'वाईन शॉप'मध्ये वाईनच कमी असते. व्हिस्की, रम आणि बिअरचा धंदा. वाईनच्या पाच-सहा बाटल्या वरच्या फळीवर, ट्यूबलाइटखाली, उभ्या, कधीकधी दोन-तीन वर्षं धूळ खात असतात. बूच असलेली बाटली अशी उभी राहिली की बूच वाळतं, आक्रसतं आणि हवा आत जाते. चव जाते ती तिथेच. अथणी, विजयपूर, तासगावच्या द्राक्षांच्या पट्ट्यात राहून वाईनची ही गत का, असं कुणी विचारलं तर त्यालाही कारण आहे. हा पट्टा मुख्यतः खाण्याच्या द्राक्षांचा आणि बेदाण्याचा. वाईनची द्राक्षं वेगळ्या जातीची, लहान, बियांची आणि जाड सालीची असतात.

मुंबईहून विमान असेल आणि नाशिकचीच बाटली हवी असेल तर ती मुंबईत पोहोचल्यावर घ्या. महाराष्ट्रात वाईनसाठी वय २१ लागतं आणि दुकानात एक दिवसाचा परवाना ५ रुपयांत मिळतो. तो घ्या आणि बिलासोबत ठेवा.

सगळ्यात सोपा मार्ग: सिंगापूर

आपल्याकडून परदेशी क्रूझला जाणारे बरेचजण सिंगापूर गाठतात. सांबऱ्याहून, म्हणजे बेळगावच्या विमानतळावरून, मुंबई किंवा बंगळूर, तिथून चांगी, आणि मग मरिना बे क्रूझ सेंटर. या मार्गावर बाटली घेण्याची सगळ्यात चांगली जागा चांगी विमानतळावरचं आगमन कक्षातलं ड्युटी फ्री दुकान. बाटली विमानात न्यावी लागत नाही, फुटत नाही, भारतातला एकही नाका लागत नाही आणि दुकानातून हॉटेलपर्यंतचा प्रवास अर्ध्या तासाचा.

सिंगापूरची सवलत अशी: १८ वर्षांवरील प्रवाशाला एकूण २ लिटरपर्यंत दारू करमुक्त नेता येते. हे दोन्ही लिटर वाईनचे असू शकतात किंवा १ लिटर वाईन आणि १ लिटर स्पिरिट असेही धरता येतात. म्हणजे माणशी ७५० मिलीच्या दोन बाटल्या सहज बसतात, रॉयल कॅरिबियनसारख्या जहाजाला मात्र एकच चालते. ही सवलत मिळायला दोन अटी आहेत. तुम्ही सिंगापूरबाहेर किमान ४८ तास असायला हवं आणि मलेशियातून येत नसायला हवं. पहिली अट बेळगावहून जाणारा आपोआप पुरी करतो. दुसरीकडे लक्ष द्या. स्वस्त तिकिटाच्या मोहाने क्वालालंपूरमार्गे येणाऱ्यांनी बाटली घेऊच नये.

मुंबई किंवा बंगळूरच्या ड्युटी फ्रीतून घेतली तरी चालते, पण विमान थेट हवं. दुकानदार बाटली सीलबंद पारदर्शक पिशवीत देतो आणि पावती आत दिसते. सिंगापूरला पोहोचेपर्यंत ती पिशवी फोडायची नाही. वाटेत दुसऱ्या देशात विमान बदलायचं असेल तर सुरक्षा तपासणीत ती पिशवी अडण्याची शक्यता राहते.

युरोपातून जहाज असेल तर युरोपीय संघात बाहेरून येणाऱ्याला ४ लिटर साधी वाईन करमुक्त आहे. अमेरिकेत २१ वर्षांवरील माणसाला १ लिटर. दोन्हीकडे जहाजाची एक बाटली आरामात बसते. तरी बार्सिलोनाला जाऊन भारतातून वाईन नेणं म्हणजे कोकणात नारळ घेऊन जाण्यातला प्रकार. तिथल्या सुपरमार्केटात सात-आठ युरोला चांगली मिळते.

तरीही विमानातून न्यायचीच असेल तर

भरलेली साधी बाटली १.२ ते १.३ किलो भरते. फसफसणाऱ्या वाईनची काच जाड असते, ती १.६ किलोच्या पुढे जाते. सांबऱ्याहून देशांतर्गत विमानात सहसा १५ किलोच सामान मिळतं. पुढचं आंतरराष्ट्रीय तिकीट २५ किलोचं असलं तरी दोन्ही तिकिटं वेगळी काढली असतील तर बेळगावला १५ चाच काटा लागतो.

हवाई नियमात २४ ते ७० टक्के अल्कोहोलच्या पेयांना माणशी ५ लिटरची मर्यादा आहे. वाईन २४ टक्क्यांच्या खाली असल्याने ती मर्यादा तिला लागत नाही. मर्यादा येते ती वजनाची आणि उतरण्याच्या देशातल्या करसवलतीची. हातातल्या बॅगेत १०० मिलीवरचा द्रव चालत नाही, म्हणून बाटली चेक-इन बॅगेतच जाते.

पॅकिंगमध्ये लोक बाटलीचं पोट जपतात आणि मान विसरतात. बाटली बहुतेक मानेजवळ किंवा बुडाच्या कडेवर फुटते. आधी बाटली दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत, प्रत्येकीचं तोंड रबरबँडने घट्ट बांधून घाला. फुटलीच तर लाल वाईन कपड्यांवर उतरू नये म्हणून हे. मग एक जाड मोजा मानेवर आणि एक बुडाला चढवा. त्यावर बबल रॅपचे तीन वेढे द्या आणि सेलोटेपने पक्कं करा. मग ती जीन्सच्या एका पायात सरकवा आणि उरलेली जीन्स गुंडाळा. ही गुंडाळी बॅगेच्या मधोमध ठेवा, सगळ्या बाजूंनी किमान दोन इंच कपडे हवेत. चाकांच्या बाजूला ठेवू नका, बॅग आपटते ती तिथेच. दोन बाटल्या असतील तर काच काचेला भिडू देऊ नका. आतलं काही हलत असेल तर बॅग अजून भरलेली नाही असं समजा.

बूच असलेल्या बाटलीपेक्षा फिरकीच्या झाकणाची घ्या. कॉर्कस्क्रू न्यावा लागत नाही आणि बूच वर सरकण्याची भीती नाही. कॉर्कस्क्रू न्यायचाच असेल तर बिनपात्याचा घ्या आणि तोही चेक-इन बॅगेतच ठेवा.

उष्णतेचं भान ठेवा. एप्रिल-मेमध्ये बेळगाव ते मुंबई हा जवळजवळ पाचशे किलोमीटरचा रस्ता गाडीच्या डिकीतून गेला तर बाटली आतून शिजते. वाईन फुगते, बूच अर्धा सूत वर येतं आणि मानेवर चिकट ओघळ दिसतो. असा ओघळ असलेली बाटली घेऊ नका.

चढण्याच्या दिवशीची अदलाबदल

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. विमानात बाटली चेक-इन बॅगेत जाते, जहाजात मात्र ती हातातल्या बॅगेत असावी लागते. टर्मिनलवर पोहोचताच हमाल मोठ्या बॅगा ताब्यात घेतात आणि त्या थेट केबिनपर्यंत जातात. त्यात बाटली राहिली तर तपासणीत बॅग बाजूला काढली जाते. बॅग संध्याकाळपर्यंत येत नाही, जेवणासाठीचे कपडे त्यातच अडकतात आणि मग खाली सुरक्षा कक्षात जाऊन बॅग स्वतः उघडून दाखवावी लागते. म्हणून आदल्या रात्री हॉटेलवरच बाटली काढा आणि खांद्यावरच्या बॅगेत ठेवा. विमानतळावरून थेट बंदरावर जात असाल तर टॅक्सीतून उतरल्या उतरल्या, हमालाच्या हाती बॅग देण्याआधी, फुटपाथवर ही अदलाबदल करा. लाज वाटायचं कारण नाही, शेजारी आणखी चारजण तेच करत असतात.

नवरा-बायको दोघांच्या दोन बाटल्या असतील तर दोघांच्या बॅगेत एकेक ठेवा. एकाच बॅगेत दोन दिसल्या की निष्कारण प्रश्न येतात. मुलांच्या नावावर बाटली नसते. तपासणीत विचारलं तर स्वतःहून काढून दाखवा.

जाता जाता कुंद्याचं. सीलबंद डब्यातला दुकानाचा कुंदा जहाजावर बहुतेक ठिकाणी चालतो, घरातल्या डब्यातला नाही. आणि तो वाईनबरोबर खायचा असेल तर कोरडी लाल नको, उशिरा काढणी केलेल्या द्राक्षांची गोड पांढरी घ्या. कोरड्या वाईनसोबत कुंदा खाल्ला की वाईन आंबट लागते.

जहाजावर

केबिनच्या स्टुअर्डला दोन वाईन ग्लास आणि बर्फाची बादली मागा, मिळते. पांढरी वाईन पिण्याआधी दोन तास छोट्या फ्रिजमध्ये ठेवा, लाल वीस मिनिटं पुरे. केबिनमध्ये ग्लास भरून तो हातात घेऊन डायनिंग हॉलमध्ये जायला बहुतेक जहाजांवर हरकत घेत नाहीत, पण बाटली घेऊन गेलात की कॉर्केज लागू. हॉलमध्ये उघडलेली बाटली संपली नाही तर वेटरला सांगा. केबिन क्रमांकाची चिठ्ठी लावून ते दुसऱ्या दिवशीसाठी ठेवतात. झाकण लावून थंडीत ठेवलेली पांढरी तीन-चार दिवस टिकते, लाल दोन-तीन. फसफसणारी त्याच रात्री संपवावी.

लाट लागू नये म्हणून ॲव्होमिनसारखी गोळी घेतली असेल तर त्या दिवशी वाईन नको. दोन्हीची गुंगी एकमेकींवर चढते.

वाटेतल्या बंदरावर घेतलेली बाटली बहुतेक कंपन्या चढताना ताब्यात घेतात, पावती देतात आणि शेवटच्या दिवशी परत करतात. पावतीचा फोटो काढून ठेवा.

परत येताना

सिंगापूरची सफर पेनांगहून परतत असेल तर तुम्ही मलेशियातून येत आहात, म्हणून करसवलत नाही. न उघडलेली बाटली कस्टम्सच्या लाल मार्गावर जाहीर करा. रक्कम फार नसते. वाईनवर शुद्ध अल्कोहोलच्या लिटरमागे ८८ सिंगापूर डॉलर शुल्क आहे. १३ टक्क्यांच्या ७५० मिली बाटलीत ९७.५ मिली अल्कोहोल, म्हणजे साधारण साडेआठ डॉलर शुल्क, वर ९ टक्के जीएसटी. लपवताना सापडलात तर दंड मात्र याच्या कितीतरी पट.

भारतात उतरताना प्रत्येक प्रौढाला २ लिटर दारू करमुक्त आहे, वाईन त्यातच मोजली जाते. जहाजावर किंवा बंदरावर घेतलेली बाटली परतीच्या विमानात चेक-इन बॅगेतच घाला. मुंबईहून गाडीने येणार असाल तर ड्युटी फ्रीची पिशवी फोडू नका आणि बिल व बोर्डिंग पास पाकिटात ठेवा. कोगनोळीला गाडी थांबवली तर बॅग उचकण्याआधी ते दोन कागद पुढे करा.